सासूबाईंचा लोडर आणि आईचे प्रश्न

पाय मोडायला मी काही पराक्रम केला नव्हता. ओल्या पायरीवरून घसरले, एवढंच. घोट्याला प्लास्टर पडलं, नवरा दुधाच्या टँकरवर, आठ-आठ दिवस घराबाहेर. त्यामुळे माझी आई पहिल्यांदाच माझ्या सासरी राहायला आली.

घरात आता दोन आया झाल्या. एक ‘अगं आई’ आणि एक ‘अहो आई’. नुसतंच ‘आई’ म्हणून हाक मारली की दोघी वळून बघायच्या, आणि मग दोघी एकमेकींकडे बघून कसनुसं हसायच्या. लग्नाला चार वर्षं झाली तरी त्यांच्यात ‘घ्या ना अजून’ आणि ‘नको हो, पोट भरलं’ याच्या पुढे बोलणं गेलं नव्हतं. सासूबाई मुळातच शब्द मोजून वापरणाऱ्या. सासरे गेल्यापासून लिंबांची बाग, भाजीचे वाफे, ट्रॅक्टर, सगळं त्या एकट्या ओढत होत्या, आणि कुणाला काही विचारायची सवय त्यांना नव्हती. आईचं नेमकं उलट. ती इस्पितळाच्या धुलाई विभागात होती. खोलीएवढाली कपडे धुण्याची यंत्रं तिच्या ताब्यात असायची, आणि ती बिघडली की दुरुस्तीला येणाऱ्याकडून ती सगळं विचारून घ्यायची. निवृत्त झाली, पण तिचे प्रश्न काही निवृत्त झाले नाहीत. घरी प्लंबर आला की ती त्याला आधी चहा द्यायची आणि मग त्याची उलटतपासणी घ्यायची. लहानपणी मला तिची फार लाज वाटायची.

मी ओसरीवर पाय उशीवर ठेवून बसायचे. समोर अंगण, अंगणात गोठ्याच्या भिंतीला लागून निळ्या ताडपत्रीखाली झाकलेलं एक भलंमोठं धूड. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई कपडे वाळत घालायला गेली, आणि मी बघते तर तिने ताडपत्रीचं टोक उचलून आत डोकं घातलेलं.

“विहीणबाई, हे काय आहे?”

“लोडर,” सासूबाई म्हणाल्या. त्या भाजीच्या जुड्या बांधत होत्या.

“रणगाड्यासारख्या चेन आहेत याला.”

“खालचं शेत मऊ आहे. टायरवालं मशीन पोटापर्यंत रुततं.”

खरंच रुतलं होतं. मागच्या पुरात ओढ्याने खालच्या शेतात दगडगोट्यांचा थर आणून टाकला. भाड्याने आणलेलं मशीन तो काढायला गेलं आणि त्यालाच काढायला दुसरं मशीन आणावं लागलं. तेव्हा सासूबाई गप्पपणे एका बंद पडत चाललेल्या खडीच्या खाणीवर गेल्या आणि हा जुना, चेनवर चालणारा लोडर घेऊन आल्या. नवऱ्याला कळलं ते ट्रेलर दारात उभा राहिल्यावर.

“चालतो का?” आईने विचारलं.

“चालतो.”

“मग झाकून का ठेवलाय?”

“उचलत नाही.”

“अजिबात?”

“सकाळी उचलतो. तासाभराने नाही उचलत.”

आईच्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. “सकाळी उचलतो आणि नंतर नाही? का बरं?”

“ते कळलं असतं तर झाकून ठेवला असता का?”

मी डोळे मिटून घेतले. पण आईला उत्तर आवडलेलं दिसलं. “हेही खरंच,” असं म्हणून ती धुडाभोवती एक चक्कर मारून आली.

मिस्त्री आधीच येऊन गेला होता. बकेट उचलायला तेलाला जोर देणारा पंप गेला म्हणाला; याला नवा पंप घालणं म्हणजे म्हाताऱ्या घोड्याला सोन्याचे नाल ठोकणं. भंगारात घाला, म्हणाला. सासूबाईंनी त्याला ‘बरं’ म्हटलं आणि ताडपत्री आणली. भंगारवाल्याला मात्र फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी जुड्या बाजारात पोचवून सासूबाई परत आल्या, तर आई लोडरपाशी पदर खोचून उभी. “एकदा चालू करून दाखवता का? नुसतं बघते.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. माझी आई आहे, मी काय करणार? त्या वर चढल्या, इंजिन चालू केलं. काळ्या धुराचा एक लोट निघाला, गोठ्यातली गाय दचकली, आणि पुढची बकेट दोन्ही लोखंडी हातांवर डौलात वर गेली.

“छान उचलतो की!” आई ओरडली.

“थांबा थोडं,” सासूबाई वरून म्हणाल्या.

आई थांबली नाही. ती कान देऊन सगळीकडे फिरत होती. “हा आवाज कसला? कुणी जात्यात खडे भरडतंय जसं.”

“पंपाचा. म्हणून तर तो मिस्त्री म्हणाला.”

इंजिन बंद केल्यावर आईने तेलाच्या टाकीचं झाकण उघडायला लावलं. दोघींची डोकी टाकीवर वाकली. मग आई एकदम हसली. “अगं बघ,” ती मला ओसरीकडे वळून म्हणाली, “आमच्याकडचाच फेस!”

तेल मधासारखं स्वच्छ दिसायला हवं होतं. ते ताकासारखं पांढुरकं झालं होतं आणि वर बुडबुड्यांची साय धरली होती.

“तेलात हवा शिरतेय,” आई म्हणाली. “तेल दाबलं की ते पुढे ढकलतं. हवा दाबली की ती नुसती आकसते. मग उचलायचं कुणी?”

“पण हवा शिरणार कुठून? कुठे गळत तर नाहीये.”

“गळलं असतं तर बरं झालं असतं, लगेच दिसलं असतं. टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप तेल ओढतो. ओढणाऱ्या पाइपाला चीर पडली तर बाहेर काही येत नाही. उलट बाहेरचं आत जातं.”

मग मी चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणाला तरी प्रश्न विचारताना ऐकलं. “मग ते सापडणार कसं?”

“ग्रीस आहे का?”

ग्रीसचा डबा आला. इंजिन चालू ठेवून, जिथे जिथे पाइपाचा जोड आहे तिथे बोटाने ग्रीस फासायचं आणि आवाज ऐकायचा, असा तो उद्योग. ज्या जोडातून हवा शिरत असेल तो ग्रीसने बुजला की खडखड कमी होणार. मला लांबून आवाज जास्त नीट ऐकू येतो म्हणून मलाही कामाला लावलं. “आता?” “तसाच आहे!” “आता?” “तसाच!” पंपाला लागून असलेल्या शेवटच्या जोडाशी आईला हात पोचेना. ती म्हणाली, बकेट वर घ्या, खाली एक ओंडका टेकवा, म्हणजे मला पलीकडून वाकता येईल. बकेट वर गेली, ओंडका लागला, आई वाकली.

“अगं, थांब! हात काढ! मागे हो!” सासूबाई वरून ओरडल्या.

आई मागे सरली आणि त्याच क्षणी ओंडका निसटला. बकेट हातभर खाली येऊन अडकली. सासूबाईंनी आधी बकेट पूर्ण खाली जमिनीवर टेकवली, इंजिन बंद केलं, आणि उतरून आईसमोर उभ्या राहिल्या. आपण विहिणीला ‘अगं’ म्हणालो हे त्यांच्या तेव्हा लक्षातही आलं नसावं.

“लागलं नाही ना?”

“नाही,” आई म्हणाली. चेहरा उतरला होता. मग ती ओंडक्याकडे बघत राहिली. “पण घसरलं का हे?”

“ते मला नाही माहीत, आणि मला जाणूनही घ्यायचं नाही! बकेट वर असताना त्याच्याखाली कुणीही जायचं नाही. माझ्या घरात हा नियम आहे.”

“कधीपासून?”

“आत्तापासून.”

त्या दिवशी काम तिथेच थांबलं. रात्री जेवताना आई फार प्रश्न विचारत नव्हती. सासूबाईंनी तिच्या ताटात न विचारता वाढलं आणि आईने ‘नको हो’ म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बकेट जमिनीवर ठेवूनच, बाजूचा लोखंडी पत्रा खोलून, दोघींनी तो जोड गाठला. ग्रीस लागलं आणि खडखड अशी बंद झाली की मी ओसरीवरून टाळ्या वाजवल्या. आतली रबरी रिंग वाळलेल्या शेंगेसारखी कडक झाली होती, बोटाने वाकवली तर मोडली. सासूबाई स्कूटरवर जाऊन नवी घेऊन आल्या. ती बसवली, तेल बदललं. फेस नाही, आवाज नाही. आईने दोन्ही हात कमरेवर ठेवून लोडरकडे असं पाहिलं, जणू तिने तो जन्माला घातला होता.

तासाभराने बकेट अर्ध्या वाटेत थांबली. वर जाईना.

आईचा चेहरा बघवत नव्हता. “पण हवा तर नाहीये आता,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “मग का? म्हणजे माझं चुकलं?”

“चुकलं कशाला,” सासूबाई म्हणाल्या. “एका घरात दोन आजारी असू शकतात.”

त्या बकेट टेकवून खाली उतरल्या आणि मशीनजवळच दगडावर बसल्या. मला वाटलं, आता ताडपत्री येणार. पण त्या म्हणाल्या, “विहिरीवरच्या पंपाला आमचा एक जुना रबरी पाइप होता. सकाळी व्यवस्थित पाणी ओढायचा. दुपारी उन्हाने तापला की मऊ पडायचा. पंप ओढायला लागला की चपटा व्हायचा, पाणी बंद.”

आई त्यांच्याजवळ जाऊन बसली. “पण हा पाइप चपटा होत नाहीये. मी बघत होते की.”

“याच्यात तारेची जाळी आहे. बाहेरून कसा होईल?”

दोघी एकदम एकमेकींकडे वळल्या.

“बाहेरून नाही,” आई हळूच म्हणाली.

“आतून,” सासूबाई म्हणाल्या.

मग जी धावपळ झाली ती मला लंगडीला नुसती बघावी लागली. इंजिन गार होईपर्यंत दोघींना दम धरवत नव्हता. कपडे धुवायचा मोठा टब तेल धरायला मशीनखाली गेला, तेव्हा मी निषेध केला. कुणी ऐकलं नाही. पाइप निघाला. मनगटाएवढा जाड, बाहेरून ठणठणीत. आईने एका टोकाला टॉर्च धरली, सासूबाईंनी दुसऱ्या टोकाला डोळा लावला.

“दिसतंय?”

“दिसतंय.”

“काय?”

सासूबाईंनी पाइप आईच्या हातात दिला. मग दोघी तो घेऊन तेलाच्या हातांनी ओसरीवर आल्या आणि मलाही दाखवला. आतल्या रबराचा थर एका बाजूने सुटून जिभेसारखा लोंबत होता. गार असला की भिंतीला चिकटून पडून राहायचा. तापून मऊ झाला आणि पंपाने ओढ घेतली की उठून वाट अडवायचा. आईने त्यात काडी घालून ती जीभ वरखाली केली, पुन्हा केली. मग सासूबाईंनीही केली. एखादं पोर नवं खेळणं सोडत नाही, तसं चाललं होतं.

“सकाळी उचलतो, तासाभराने नाही,” आई स्वतःशीच म्हणाली. “बिचारा लोडर खरंच सांगत होता.”

नवा पाइप शहरातल्या दुकानातून मापाने करून आणला. तो बसवल्यावर सासूबाईंनी लोडर दुपारपर्यंत मुद्दाम चालू ठेवला. बकेट वर, बकेट खाली. गाय आता दचकायचं सोडून रवंथ करत बघत होती. इंजिन चांगलं तापलं तरी बकेट दर वेळी वर गेली. मग त्या लोडर घेऊन अंगणातून वळल्या आणि खालच्या शेताकडे निघाल्या. आई चपला हातात घेऊन मागे धावली.

मला ओसरीवरून शेताचा एक तुकडाच दिसायचा. त्यात लोडर येत-जात होता, दगडगोट्यांनी भरलेली बकेट बांधावर रिकामी होत होती. पुढचे दोन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी टँकर लावून नवरा घरी आला, आणि हातपाय न धुताच माझ्या शेजारी उभा राहिला.

“ही तुझी आई आहे का?”

आई आसनावर बसली होती. सासूबाई चेनपासून चांगल्या लांब उभ्या राहून, दोन्ही हात हलवून ओरडत होत्या, “डावा दांडा! डावा! अहो, तो उजवा!” लोडर जागच्या जागी गोल फिरला आणि थांबला. आईचा आवाज इथपर्यंत आला, “एक चेन थांबवली की त्याच बाजूला का वळतो हो हा?”

“मी तर मिस्त्रीला म्हटलं होतं, भंगारवाल्याचा नंबर दे म्हणून,” नवरा म्हणाला.

“हे त्यांना सांगू नकोस,” मी म्हटलं.

माझं प्लास्टर निघालं. आई गेली. जाताना दोघींनी एकमेकींना रीतसर नमस्कार केला, आणि मग आईने रिक्षातून डोकं बाहेर काढून विचारलं, की चेनला ग्रीस कोणत्या महिन्यात भरायचं. खालचं शेत मोकळं झालं; मातीचा थर पातळ राहिलाय, पण तिथे यंदा चारा लावलाय, आणि तो उगवलाय. लोडर आता दुसऱ्यांच्या शेतातही जातो, सासूबाई स्वतः नेतात.

फक्त त्याच्या डाव्या चेनमधून एक आवाज येऊ लागलाय. दर फेऱ्याला एकदा, टक्. आधी वाटलं पिन झिजली. पिन बदलली. मग वाटलं खडा अडकलाय. खडा नव्हता. काल संध्याकाळी मी स्वयंपाक करत होते आणि सासूबाई आईशी फोनवर बोलत होत्या.

“नाही, नाही. पुढे जाताना येतो. मागे जाताना येत नाही... हो, मीही तेच म्हणते, का बरं?... उतारावर? थांबा, उतारावर बघितलंच नाही मी. उद्या बघते.”

मग बराच वेळ त्या ऐकत राहिल्या, मधूनच हं-हं करत. शेवटी फोन माझ्याकडे सरकवला.

“तुझा पाय कसा आहे, विचारतायत,” त्या म्हणाल्या आणि टॉर्च घेऊन बाहेर गेल्या.