शाळा सुटतानाची घोषणा

प्रिझ्रेन शहरातून तुर्कांचं सैन्य आदल्याच दिवशी निघून गेलं होतं आणि चौकात सर्बियाच्या राजाचे शिपाई उभे होते. तरी झेलिहाबाईंनी मुलींचा मदरसा भरवलाच. कुराण म्हणून झालं. मग "बादशहा चिरायू होवो!" ही तुर्कांच्या बादशहाच्या नावाची रोजची घोषणा द्यायला मुलींनी तोंडं उघडली, पण कुणाचाच आवाज फुटेना.

"बाई, आता जयजयकार कुणाचा करायचा?" नादिरेनं विचारलं. "त्या शिपायांच्या राजाचा?"

"जीभ हासडीन!" बाई कडाडल्या. "हात पसरा आणि आमीन म्हणा."

मुली आमीन म्हणाल्या आणि दप्तरं उचलून निघाल्या. बाईंच्या उभ्या हयातीत देवाच्या नावानंतर माणसाचं नाव न घेता शाळा सुटली, ती आजच.