बाबांच्या पायाखालचं घुंगरू

देवाचा विषय निघाला की बाबांना थांबवणं कठीण. बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार होऊन त्यावर साय धरायची. 'चालवणारा तो, आपण नुसते बसलेले' हे वाक्य त्यांनी गाडीच्या मागच्या काचेवर लाल रंगात लिहून घेतलं होतं. आता हे एखाद्या टॅक्सीवर शोभलं असतं. बाबांची गाडी होती शिकवणीची. ते लोकांना गाडी चालवायला शिकवायचे, आणि अशा गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याची त्रेधा उडाली तर शिकवणाऱ्याने दाबायला. बाबा तो त्रेधा उडण्याची वाट न बघताच दाबायचे.

घरीही तोच प्रकार. 'देवा, पोरगी तुझ्या हवाली,' असं हात जोडून म्हणायचे, आणि शाळेची सहल निघाली की सहलीच्या बसमागे थेट धरणापर्यंत शिकवणीची गाडी. वर मैत्रिणी विचारणार, "काय गं चिमटी, तुझ्या बाबांना पण यायचं होतं का?"

चिमटी म्हणजे हीच ती पोरगी. वय पंधरा, जिभेला हाड नाही.

तिने हे सगळं हसण्यावारी नेलंही असतं, पण मध्ये आई आली. आई गाडीच्या परवान्याच्या टेस्टला दोनदा बसली होती आणि दोनदा नापास झाली होती, तेसुद्धा स्वतःची काडीची चूक नसताना. टेस्टमध्ये गाडी ज्याची तो शेजारी बसतो, परीक्षक बाई मागे बसतात, आणि शेजारच्याने ब्रेकला पाय लावला की खेळ खलास. पहिल्या खेपेला बाबांनी एका कावळ्यासाठी ब्रेक दाबला, दुसऱ्या खेपेला वाऱ्याने उडालेल्या पिशवीसाठी. कावळा वाचला, पिशवीही वाचली. आईची टेस्ट गेली.

आणि या खेपेला प्रश्न व्हॅनचा होता. चिमटीच्या शाळेला लहान मुलांची व्हॅन चालवायला बाईच हवी होती. मुख्याध्यापिका आईला म्हणाल्या होत्या, "सोमवारी परवाना घेऊन या, नाहीतर मला दुसरं कोणी बघावं लागेल." कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलून उचलून आईचा खांदा कुरकुरायला लागला होता. हल्ली ती भाजी चिरतानाही मध्येच डावा पाय दाबून गिअर टाकल्यासारखी सुरी हलवायची. टेस्ट होती शुक्रवारी.

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, असं लोक विचारत बसतात. चिमटीने गुरुवारी उलटंच केलं. घरच्या मांजराच्या गळ्यातलं घुंगरू सोडलं आणि बाबांच्या ब्रेकच्या दांड्याला मागून तारेने घट्ट बांधलं.

संध्याकाळी आई सरावाला निघाली. चिमटी मागच्या सीटवर, तोंडात ओढणीचा बोळा.

"घाबरायचं नाही," बाबा म्हणाले. "सगळं त्याच्यावर सोडायचं."

छुन्.

"कसला आवाज?"

"कुठे काय?" चिमटी म्हणाली.

"तर मी काय म्हणत होतो, माणसाने श्रद्धा..." छुन्. "...श्रद्धा ठेवली की..." छुन् छुन्. "अगं, समोर सायकल आहे!"

"ती भिंतीला टेकवून ठेवलेली आहे हो," आई म्हणाली. "तिच्यावर बसलेलंही कोणी नाही."

कोपऱ्यावर वळताना घुंगरू असं काही वाजलं की चिमटीचा बोळा सुटला आणि ती खो खो हसत सीटवर आडवी झाली. बाबांनी वाकून पाहिलं, घुंगरू पाहिलं आणि गाडी घरी घ्यायला सांगितली.

चिमटीला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण थांबेल ती चिमटी कसली! घरी येऊन तिने गाडीवरची शिकाऊची पाटी, पांढऱ्यावर लाल 'एल' असलेली, काढली आणि भिंतीवरच्या देवाच्या फळीला चिकटवली.

बाबा हात जोडायला आले आणि तसेच उभे राहिले.

"देवाला शिकाऊ म्हणतेस?"

"मी कुठे म्हणते? तुम्हीच म्हणता."

"मी? जीभ झडेल माझी!"

"तुमची जीभ नाही हो म्हणत. पाय म्हणतो." आता मागे फिरणं शक्य नव्हतं. "त्याला स्टिअरिंग देता आणि शेजारी ब्रेकवर पाय ठेवून बसता. आईशी करता तस्संच. तो आहे हे तुम्हाला मान्य आहे, बाबा. त्याला चालवता येतं हे मान्य नाही."

स्वयंपाकघरात भांडी घासायचा आवाज बंद झाला. बाबांनी पाटी काढली, उलटसुलट करून पाहिली आणि खिशात घातली. "जेवायला वाढा," एवढंच म्हणाले.

शुक्रवारी चिमटी टेस्टच्या मैदानाच्या कठड्यावर बसली होती. गाडी सुरू झाली, आणि तेवढ्यात तिला आठवलं. घुंगरू! घुंगरू काढायचं राहिलं होतं! पायाचा नुसता अंगठा लागला तरी ते मागे बसलेल्या बाईंना ऐकू जाणार होतं. 'देवा,' ती पुटपुटली, 'बाबांचा पाय धर. माझ्यावर हवं तर नंतर राग काढ.'

आईने आठाचं वळण घेतलं. चढावर थांबली, मागे न घसरता निघाली. कठड्याजवळून गाडी गेली तेव्हा चिमटीला खिडकीत काहीतरी विचित्र दिसलं. बाबांचे गुडघे! बाबा सीटवर चक्क मांडी घालून बसले होते, पट्टा लावून, डोळे मिटून, घामाने डबडबून. ओठ हलत होते.

तेवढ्यात मैदानातलं लंगडं कुत्रं झाडाखालून उठलं आणि सरळ गाडीच्या वाटेत येऊन कान खाजवत बसलं.

बाबांचे डोळे उघडले. दोन्ही हातांनी त्यांनी स्वतःचेच पाय पकडले, पळून जाणाऱ्या कोंबड्या धराव्यात तसे.

गाडी थांबली. आईने थांबवली. कुत्र्याने मान वळवून पाहिलं आणि खाजवणं चालू ठेवलं. आई शांतपणे थांबून राहिली, ते उठून गेल्यावर मग निघाली.

घुंगरू वाजलं नव्हतं.

परीक्षक बाई उतरल्या, 'पास' लिहून सही केली आणि म्हणाल्या, "बाकी सगळं छान. हे गृहस्थ कशाला रडताहेत?"

चिमटी धावत गेली. "बाबा, काय पुटपुटत होता?"

"म्हटलं, देवा, आता माझ्याने काही होत नाही. तूच बघ."

"हे तर रोजच म्हणता."

"रोज पाय खाली असायचे गं," बाबा म्हणाले. मग त्यांनी पायाला आलेल्या मुंग्या झटकल्या आणि खिशातून ती 'एल'ची पाटी काढली. इकडेतिकडे पाहून हळूच आपल्या सदऱ्यावर चिकटवली.

घरी जाताना आईच चालवत होती, खिडकीची काच खाली करून, अगदी राणीसारखी. बाबा तिच्या शेजारी, पाटी छातीवर. वळण आलं.

छुन्.

आईने रस्त्यावरची नजर काढली नाही. "आता कोण आडवं आलं, अहो?"

"कोणी नाही," बाबा ओशाळून म्हणाले. "शिकतोय."