मामांचा आवाज

ताणाने मेंदूचं काय होतं यावर मामा देशोदेशी व्याख्यानं झोडत, आणि प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की समोर दिसेल त्याला फाडून खात. भाचीला तिथे त्यांनीच चिकटवलं होतं. घरी ‘मामा’, कामावर ‘सर’. आईच्या लेखी तिचा भाऊ म्हणजे देवमाणूस. भाचीच्या लेखी फुगलेला बेडूक, पण ती तोंड मिटून होती.

तिच्याकडे उंदीर होते. मोठ्या टाक्यात गढूळ पाणी, पाण्याखाली लपवलेली फळी. उंदराने पोहत ती शोधायची आणि दुसऱ्या दिवशी कुठे होती ते आठवायचं. निम्म्या उंदरांना आधी अरुंद नळीत कोंडून ताण द्यायचा, निम्म्यांना सुखात ठेवायचं. कोंडलेले विसरत, ते ठीकच. पण सुखातलेही बावचळून टाक्याच्या कडेकडेने गोल फिरत बसत.

बैठकीत मामा उखडले.

“उंदीरसुद्धा धड सांभाळता येत नाहीत तुला? ताणाच्या हार्मोनचे दोन रिसेप्टर असतात, त्यांत फरक काय, तेवढं तरी सांग!”

तिला ते झोपेतही सांगता आलं असतं. पण मामांचा तो लालबुंद चेहरा अंगावर आला आणि एक शब्द आठवेना.

“भुसा आहे नुसता डोक्यात,” मामा म्हणाले. बाकीचे हुकमी हसले.

जिन्यात येऊन ती टेकली तेव्हा सगळं धडाधड आठवलं. आठवणी साठवणाऱ्या पेशींवर हार्मोन पकडणारे रिसेप्टर असतात; त्यांतला एक थोड्याशा हार्मोननेच भरतो. दुसरा हार्मोनचा लोंढा आल्यावर भरतो. बेताचा ताण असला की दोघांचा मेळ बसतो, शिकलेलं पक्कं होतं. लोंढा आवरला नाही, तर येत असलेलंही ऐनवेळी हाती लागत नाही. आपल्याच डोक्यात आत्ता हेच झालं, हे कळून तिला आधी हसू आलं आणि मग संताप. त्या संतापात तिला सुचलं: सुखातल्या उंदरांची खोली मामांच्या खोलीला लागून होती. मध्ये पातळ प्लायवूड. आणि मामा सकाळभर फोनवर कोणाची ना कोणाची सालटी काढत असत.

तिने त्या उंदरांच्या लेंड्या गोळा करायला घेतल्या. हार्मोन तिथेही उतरतं. मामा परदेशी गेले, ताणावरच बोलायला. लेंड्यांतलं हार्मोन घटलं आणि उंदीर सरळ फळीवर जाऊन बसू लागले. मामा परतले, तसे पुन्हा कडेकडेने.

तिने आलेख त्यांच्या टेबलावर ठेवला.

“म्हणजे हे माझ्यामुळे?”

“हो, सर.”

“लेंड्या चिवडून माझी लायकी काढतेस?”

“लायकी नाही काढली. हार्मोन मोजलं.”

संध्याकाळी आईचा फोन. “मामांना उलट बोललीस म्हणे! एवढं त्यांनी केलं तुझ्यासाठी आणि तू...”

“आई, मी फक्त मोजलं.”

“मोठ्या माणसांचं असलं काही मोजायचं नसतं!”

उंदरांची खोली मात्र गुपचूप वरच्या मजल्यावर गेली. काही महिन्यांनी मामांचा शोधनिबंध छापून आला. ‘परिसरातला गोंगाट’ उंदरांची स्मरणशक्ती कशी बिघडवतो, हे त्यांनी म्हणे शोधून काढलं होतं. गोंगाट कोणाचा, ते गुलदस्त्यात. तिचं नाव शेवटी, आभारात, पिंजरे पुरवणाऱ्याच्याही खाली. वाचून तिला राग आला नाही. एवढ्या मोठ्या माणसाला एवढंसं चोरावं लागतं, याची किळस आली. तिने राजीनामा दिला.

“कृतघ्न! माझ्याशिवाय तुला उभं तरी करेल का कोणी?” मामा गरजले. ती सावकाश दार लोटून निघाली.

नव्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई इतक्या हळू बोलत की पुढे वाकून ऐकावं लागे. तरी सुरुवातीला कुठे दार आपटलं की तिच्या तोंडचा शब्द हरवायचा. हा माणूस इथवर येऊन आपल्या डोक्यात ठाण मांडतो, याची तिला चीड यायची. हळूहळू तेही ओसरलं.

आई अजून विचारते, “मामांना फोन केलास का गं?”

“वेळच मिळत नाही, आई,” ती म्हणते. वेळ तिच्याकडे भरपूर असतो.