मी काहीही गाळत नाही

जुना आहे मी, मित्रांनो, आणि हे सांगताना माझा आवाज जराही खाली येत नाही. मी एक रेकॉर्डर आहे. साबणाच्या वडीएवढा, कोपरे झिजलेला, पाठीवर ओरखडे असलेला. दोन पेन्सिल सेलांवर तीस तास न थकता ऐकत बसतो. नव्यांनी बसून दाखवावं!

कारखान्यात माझ्या छातीवर एक बटण बसवलं होतं. ते सरकवलं की माणसाचा आवाज तेवढा राहायचा आणि बाकीचा गोंगाट गाळला जायचा. माझा पहिला मालक वार्ताहर होता. त्याच्या खिशातून निसटून मी एका सभागृहाच्या जिन्यावरून सत्तावीस पायऱ्या गडगडत खाली आलो. लोक म्हणतात सातच होत्या. पडलो मी, मोजणार लोक! बटण तुटलं आणि त्या दिवसापासून मी काहीच गाळेनासा झालो. पुढे एका बड्या पुढाऱ्याची मुलाखत टिपली, तर त्यात त्याचं पोट असं गुरगुरलं की ऐकणाऱ्यांना वाटलं, खोलीत वाघ शिरला. वार्ताहर कपाळाला हात लावून म्हणाला, "हे यंत्र आहे की चोंबडी शेजारीण?" मला दुरुस्तीच्या दुकानात टाकून जो गेला, तो गेलाच.

दुकानदार घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करत असे. त्याने मला दोनदा उघडलं, "याला औषध नाही" म्हणाला आणि स्क्रूंच्या डब्यात ठेवून दिलं. चार वर्षं तिथे काढली. रडलो? छे! स्क्रूंना वाघाची गोष्ट सांगत बसलो.

मग एका दुपारी दुकानदाराची भाची आली. ती विद्यापीठात गणित शिकत होती. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण तिच्यापुढे मामाची बोलती बंद व्हायची. मामा तिला 'साहेब' म्हणायचा.

"मामा, तीन तासांचं व्याख्यान मावेल असं काहीतरी दे. आमचे सर फळ्याकडे तोंड करून म्हणतात, 'हे इकडे आलं, ते तिकडे गेलं.' काय आलं नि काय गेलं, त्यांनाच ठाऊक! विभागप्रमुख बाई म्हणाल्यात, या चाचणीत नापास झालीस तर विषय बदल."

"मग बदल की, साहेब. गणितावाचून कुणाचं अडलंय?"

"माझं."

मामाने टेबलावर तीन वस्तू मांडल्या. स्वतःचा नवा फोन, पेनासारखा एक सडपातळ रेकॉर्डर आणि संख्या भरायला मी. भाचीने तिघांना एकदम सुरू केलं आणि फर्मान सोडलं, "आता पाटीवर खडूने बेरजा लिही आणि लिहिता लिहिता बोल. मध्येच गप्पही बस."

मग तिने एकेकाला ऐकलं. फोनने मामाचा आवाज धुऊन, इस्त्री करून दिला, पण खडू कुठेच नाही. पेनमहाराज तर मामा गप्प झाला की स्वतःही डुलकी काढत होते. माझ्यात मात्र सगळं होतं. भिंतीवरची अकरा घड्याळं, मामाची धाप आणि खडूची प्रत्येक रेघ.

"हा," ती म्हणाली.

"अगं, तो बिघडलाय!"

"बिघडलेलाच हवाय मला. याला खडू ऐकू येतो."

मित्रांनो, त्या दिवसापासून मी पहिल्या बाकावर बसू लागलो. सर 'हे' म्हणत, 'ते' म्हणत आणि मी खडू टिपत असे. घरी ती एकेक ओळ दहादा ऐकायची. एक आखूड रेघ म्हणजे वजा. एकीला दुसरी छेदून गेली की अधिक. जुळ्या बहिणींसारख्या दोन निघाल्या की बरोबर. लांबलचक रेघ म्हणजे अपूर्णांक. महिन्याभरात ती माझ्या पोटातून अख्खा फळा वाचू लागली.

चाचणी झाली. तिने उत्तरं संगणकावर टंकून दिली. निकालाच्या दिवशी सर म्हणाले, "शेवटचं गणित चुकलंय तुझं, मी फळ्यावर सोडवून दाखवलेलंच. दोन गुणांनी नापास. वर्गातल्या साठ जणांचं उत्तर एक आणि तुझं एकटीचं उलट्या चिन्हाचं!"

"सर, साठ जणांनी पाहून लिहिलंय. मी ऐकून."

वर्ग हसला. तिने मला टेबलावर ठेवलं आणि त्या गणिताचं व्याख्यान सुरू केलं. सरांचा आवाज आला, "हे इकडे आलं." मग खडूची एक आखूड रेघ, मागून दोन अक्षरं. मग डस्टर, फस् फस्. मग पुन्हा तीच दोन अक्षरं. रेघ नाही.

"अक्षरं नीट काढायला तुम्ही पुसलंत, सर. सोबत वजाही पुसला गेला. अक्षरं परत आली, वजा लिहायचा राहून गेला. बाकीच्यांनी त्यानंतर उतरवून घेतलं."

सरांनी मला चार वेळा ऐकलं. मग ते फळ्याकडे वळले आणि गणित पहिल्यापासून सोडवू लागले. शेवटच्या ओळीवर हात थांबला. त्यांनी वजा लिहिला आणि वर्गाकडे तोंड करून म्हणाले, "तिचं बरोबर आहे. फळा चुकला. म्हणजे मी चुकलो." गुण मिळाले. विभागप्रमुख बाईंनी देऊन ठेवलेला विषय बदलण्याचा अर्ज तिने माझ्यासमोर टराटरा फाडला. तो आवाजही मी टिपलाय.

दुसऱ्या दिवसापासून सर लिहितील ते मोठ्याने बोलू लागले. "बरोबर, वजा, कंसात क्ष!" आता एवढं स्वच्छ बोलणं कुणीही टिपतं. फोनसुद्धा. म्हणून मी सध्या तिच्या कपाटात आहे. माझ्या जिंकण्यानेच माझी नोकरी गेली. अशी नोकरी मी पुन्हा घालवीन, दहा वेळा घालवीन!

माझी कीव करू नका, मित्रांनो. एखादी वस्तू बिघडली म्हणून फेकायला निघालात, तर ती कुणाच्या उपयोगाची आहे का, तेवढं आधी विचारा. आणि माझ्यासारख्याला कपाटात ठेवताना सेल मात्र काढून ठेवा. ते आत गळतात आणि आम्हाला पोटातून खातात. रिकाम्या पोटी मी कितीही वर्षं थांबेन.