चोरखिसा

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या टेलरमास्तरांच्या दुकानात सकाळपासून पालकांची ये-जा असायची. कपडे देता-घेता गप्पा व्हायच्या आणि मास्तरांचं तोंड त्यांच्या मशीनइतकंच भरधाव चालायचं. त्या आठवड्यात विषय एकच होता, भूगोलाच्या बाईंची सहल.

मुलं बाईंना लाडानं नकाशाबाई म्हणत. निवृत्तीला त्यांचं एकच वर्ष उरलं होतं. आठवीच्या मुलांना डोंगरापलीकडच्या गावी न्यायचं, चार दिवस तिथल्या घरांत ठेवायचं आणि पुढच्या महिन्यात तिथली मुलं आपल्या घरी आणायची, असा त्यांचा बेत होता. पण तिकडची भाषा वेगळी, राहणी वेगळी. तिकडचा माणूस गल्लीत दिसला की लोक दाराबाहेरच्या चपलासुद्धा आत घेत! मास्तर तर माप घेता घेता ज्याला त्याला बजावत होते, "त्या लोकांत पोरीला पाठवायचं? मी नाही बुवा पाठवणार!"

बघता बघता तीसपैकी बावीस घरांतून नकार आले. मास्तरांच्या लेकीनं, चिमीनं, बापाशी अबोला धरला.

तिसऱ्या दिवशी नकाशाबाई स्वतःच दुकानात आल्या.

"मास्तर, वर्गात मुलं तीस, गणवेश एकच. मग एकाच मापानं सगळे का शिवत नाही?"

मास्तर हसले. "कसं चालेल बाई? प्रत्येकाची अंगलट वेगळी."

"मग न पाहिलेलं अख्खं गाव तुम्ही एकाच मापात कसं बसवलंत?"

मास्तरांची कात्री थांबली. ते म्हणाले, "पटतंय बाई. पण बापाचा जीव आहे, धजत नाही."

"तर मग तुम्हीही चला. तिथं काही वावगं दिसलं, तर पालकसभेत माझी चूक मी स्वतः कबूल करीन. पण न बघताच नाही म्हणू नका."

आता माघार कशी घेणार? मास्तर तयार झाले. मात्र निघण्याआधी त्यांनी बंडीला आतून गुपचूप एक चोरखिसा शिवला आणि त्यात वडिलांचं घड्याळ आणि दुकानाच्या किल्ल्या ठेवल्या.

"अहो, किल्ल्या घरीच ठेवा की!" बायको म्हणाली.

"असू दे. माझ्याजवळच बऱ्या."

चिमी धरून नऊ मुलं, नकाशाबाई आणि मास्तर असे सगळे निघाले. मास्तर आणि चिमी एका सुताराच्या घरी उतरले. सुताराला यांची भाषा येत नव्हती. त्याची मुलगी शाळेत थोडीफार शिकली होती, तीच दुभाषी झाली. घर लख्ख होतं, पण भिंतीवरचे खिळे सगळे रिकामे. सुताराच्या घरात साधा हातोडा दिसेना! मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. एक हात छातीवर ठेवूनच ते जेवले.

दुसऱ्या दिवशी सुताराच्या बायकोचं शिलाई मशीन अडलं. मास्तरांना राहवेना. त्यांनी मशीन उघडलं, साफ केलं, तेल घातलं आणि चालवून दाखवलं. ती माउली त्यांच्याकडे बघतच राहिली.

पुढल्या सकाळी सुतारानं पलंगाखालची ट्रंक ओढली आणि करवत, रंधा, हातोडा असं एकेक हत्यार काढून भिंतीवर टांगायला सुरुवात केली. मुलगी मान खाली घालून म्हणाली, "काका, बाबा माफी मागतात. तुमच्याकडचे लोक वस्तू उचलतात, असं आम्ही ऐकलं होतं. म्हणून लपवलं."

"आम्ही? आम्ही चोर?" मास्तर उसळले. आणि उसळताना त्यांचा हात नेहमीप्रमाणे छातीवर गेला.

बोटांना आतल्या किल्ल्या लागल्या. मग त्यांनी शर्टाची बटणं सोडली, चोरखिसा उघडला आणि घड्याळ, किल्ल्या सुताराच्या समोर ठेवल्या. सुतार आधी गोंधळला. मग त्याला सारं उमगलं आणि तो असा हसला, असा हसला की मास्तरांनाही हसू आवरेना. दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते नुसतं हसण्याचं नव्हतं, हे दोघांनाही कळलं होतं.

परतल्यावर पालकसभा भरली. तिकडच्या मुलांना कोण घरी ठेवणार, असं नकाशाबाईंनी विचारलं आणि सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. मास्तर उठले. घडलं ते सगळं, स्वतःची फजिती धरून, त्यांनी सांगितलं. "तुमच्या मनात भीती मी घातली होती. ज्या गावात मी पाऊल टाकलं नव्हतं, त्याची बदनामी मी केली. चुकलो! सुताराची लेक माझ्या घरी राहील."

मागून एक हात वर झाला. मग दुसरा. बाई यादीत घरं लिहीत गेल्या आणि लिहिता लिहिता चष्मा पुसत राहिल्या.

वाचकहो, परक्या माणसाविषयी आपण जे ठामपणे बोलतो, त्यातलं स्वतः पाहिलेलं किती असतं? तिकडेही कुणी बाप आपल्याला असाच घाबरत असेल. पुस्तकातला नकाशा गावं दाखवतो, पण त्या गावांतली माणसं भेटायची तर घराबाहेर पाऊल टाकावं लागतं. मुलं ते टाकायला तयारच असतात. आपण त्यांची वाट अडवू नये, आणि जमलं तर त्यांच्याबरोबर आपणही जावं!