पेटी झाडाखाली गेली तो दिवस

धाकटीचा पाय सकाळपासून घरात ठरत नव्हता. ओट्यापाशी जाऊन पाणी प्यायली, खुर्चीत बसली, परत उठली. फोन तीनदा पालथा ठेवला आणि तीनदा सुलटा केला. संध्याकाळी पाचच्या आत साहेबांना एक तारीख कळवायची होती. नाही कळवली तर बाबांची चाळीस वर्षांची मेहनत केराच्या टोपलीत जाणार होती, आणि हे बाबांना सांगायचं कुणी, तर तिनेच.

बाबा हवामान खात्याचे निरीक्षक. परसात चार पायांवर उभ्या असलेल्या पांढऱ्या जाळीदार पेटीतलं तापमान आणि बाजूच्या नळकांड्यातला पाऊस रोज ठरल्या वेळी वहीत टिपायचा, एवढंच काम. पण अंगात ताप असो की घरात पाहुणे, बाबांनी म्हणे एक दिवस खाडा केला नव्हता. ही फुशारकी ते भेटेल त्याला ऐकवत.

धाकटी त्याच खात्याच्या शहरातल्या कचेरीत. शेतीच्या पट्ट्यातलं ऊन आणि पाऊस चाळीस वर्षांत कसकसे बदलले, याचा अहवाल तिच्याकडे होता. त्यावरून पेरणीच्या तारखा ठरायच्या होत्या. बावीस केंद्रांची दुपारच्या तापमानाची रेघ वर्षागणिक चढत गेलेली. तेविसाव्याची मात्र बारा वर्षांपूर्वी दीड अंशाने धपकन खाली आलेली. तेविसावं केंद्र म्हणजे हे परस.

काल परसात आल्या आल्या तिला उत्तर मिळालं. लहानपणी पेटी विहिरीपलीकडे मोकळ्या उन्हात असायची. आता ती थोरल्या झाडाखाली गारव्याला बसली होती. बारा वर्षांत धाकटी वीसेकदा तरी घरी आली असेल, जेवली, झोपली, निघून गेली. तिला स्वतःचाच राग आला. आज दुपारी तिने विषय काढलाच.

"बाबा, पेटी कधी हलवली?"

"कुठली पेटी?" बाबांनी वही मिटली.

"उगाच साळसूदपणा नको. हलवली तर तारीख आणि कारण वहीत लिहायचं असतं, हे तुम्हीच मला शिकवलंय. तारीख मिळाली तर पुढचे आकडे दुरुस्त करता येतील. नाहीतर अख्खं केंद्र वगळतील. चाळीसच्या चाळीस वर्षं."

बाबांचा चेहरा उतरला. तरी हेका सुटेना. "वगळू देत. माझ्या वहीत खाडाखोड नाही. आता म्हातारपणी कबुलीजबाब लिहू होय? आणि तारीख मला आठवतही नाही."

"मला आठवते," आई ओले हात पुसत बाहेर आली. "मीच हलवली. सुताराला बोलावून."

"अगं, गप्प बस."

"बारा वर्षं गप्पच बसलेय." ती धाकटीकडे वळली. "रोज तीनच्या उन्हात पेटीपाशी उभं राहायचं. एक दिवस ह्यांना चक्कर आली, डोकं विहिरीच्या कठड्यावर आपटलं. चार टाके पडले. तीन दिवस दवाखान्यात होते. ते आकडे मी लिहिलेत, ह्यांच्यासारखं अक्षर काढून. नाहीतर घरी येऊन खाड्यासाठी जीव खाल्ला असता माझा."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"टाके पडले त्याच संध्याकाळी तुझा फोन आला, नोकरी लागल्याचा. किती खुशीत होतीस! ह्यांनी दवाखान्यातल्या खाटेवरून डोळे वटारले, सांगशील तर खबरदार म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सुताराला गाठलं."

तो फोन धाकटीला लख्ख आठवत होता. अर्धा तास ती नव्या कचेरीबद्दल बोलत सुटली होती. बाबा एवढंच म्हणाले होते, "जरा दमलोय, उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी ती फोन करायला विसरली. त्या दिवसाची तारीख कुणाला विचारायची गरजच नव्हती. ती तिच्या नेमणूकपत्रावर होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जुनी वही काढली गेली. बाबांनी चष्मा पुसला, पेन उघडलं आणि पुढच्या दिवसाच्या शेऱ्यात लिहिलं, 'पेटी झाडाखाली हलवली. कारण:' तिथे पेन अडलं.

"निरीक्षक उन्हात पडला," आई म्हणाली. "लिहा खरं काय ते."

त्यांनी लिहिलं. धाकटीने पानाचा फोटो पाठवला. दहा मिनिटांत साहेबांचं उत्तर आलं. केंद्र राहिलं. मात्र पेटी आजच्या आज मूळ जागी हलवावी.

तिने ते मोठ्याने वाचलं आणि वाचता वाचताच तिला आईचा चेहरा दिसला.

"म्हणजे ह्यांना परत उन्हात उभं करणार तू," आई म्हणाली. "आणि ऊन तर तेव्हापेक्षा वाढलंय म्हणतेस."

धाकटीच्या अहवालात तरी दुसरं काय होतं?

बाबांना मात्र दहा वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटत होतं. तीन वाजत आले होते. "पेटी आत्ताच उन्हात नेऊ. माझी टोपी कुठे गेली?" ते खुंटीपाशी, खाटेखाली, कपाटावर शोधत सुटले.

टोपी आईने पाठीमागे घट्ट धरली होती. धाकटीला ती दिसली. या वेळी तीही गप्प बसली.