आपोआप बसणारी सुई

आत्याचा उजवा हात थरथरायला लागला, त्याला दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत घरानं तिच्याकडून एकेक काम गोड बोलून काढून घेतलं. आधी भावजय तिला चहा अर्धाच कप द्यायला लागली, सांडू नये म्हणून. मग बाह्यांची बटणं लावून द्यायला रोज सकाळी वर तिच्या खोलीत यायला लागली. मग भावानं किल्ल्या आपल्याकडे ठेवल्या, कारण कुलपाशी तिची फजिती होते. सगळं मायेनं, बरं का! रागानं काढून घेतलेलं भांडून परत मिळवता येतं. मायेनं काढून घेतलेलं कुठल्या तोंडानं मागायचं? कपड्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केलेली बाई ही. पुरुष फिटरांनी हात टेकलेली मशीनं तिच्याकडे यायची. तिनं दातओठ खाल्ले, पण गप्प राहिली.

गाण्यांच्या रेकॉर्डींवर गदा आली तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं.

साठेक रेकॉर्डी होत्या, पहिल्या पगारापासून एकेक करून घेतलेल्या. जुना प्लेयर कायमचा बंद पडला, तेव्हा भाच्यानं आपला स्वतःचा आणून दिला. भाचा ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत कामाला, कानाचा भारी तिखट. त्याचा प्लेयर महागडा, नाजूक. त्याची सुई बसवलेली दांडी आपल्या बोटांनी उचलायची आणि सुई अलगद रेकॉर्डीच्या कडेला ठेवायची. असा आवाज दुसऱ्या कशातच नाही, असं तो म्हणाला, आणि ते खरंही होतं. फक्त दांडी कोण उचलणार, एवढंच त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्याच दिवशी आत्याच्या बोटांतून दांडी सुटली आणि सुई खर्रकन आडवी गेली. भाचा खालून धावत आला. त्याचा चेहरा असा झाला, की जणू त्याच्याच गालावर ओरखडा उठला.

त्याच संध्याकाळी सगळ्या रेकॉर्डी खाली त्याच्या कपाटात गेल्या. आत्यानं काय ऐकायचं ते सांगावं, तो कामावरून आला की वर येऊन लावून देईल, असं ठरलं. ठरवलं कुणी? खालच्यांनी. म्हणजे गाणं हिचं, खोली हिची, आणि ऐकायचं दुसऱ्याला सवड होईल तेव्हा! उद्या श्वाससुद्धा विचारून घ्यायला लावतील, असं तिच्या मनात आलं आणि तिला सणकून राग आला.

तिनं भाच्याला सांगितलं, सुई स्वतःहून ठेवणारा प्लेयर बघ. त्यानं अर्धा तास तिला समजावलं. ऑटोमॅटिक म्हणजे खेळणी, आवाज बसका, आणि त्यातला चांगला घ्यायचा तर पेन्शनीत बसणार नाही. ती मान डोलवत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता घराबाहेर पडली.

दुकानदार कपाळावर चष्मा चढवून बसला होता. ऑटोमॅटिक म्हटल्याबरोबर त्यानं नाक मुरडलं.

"खरा शौकीन सुई स्वतःच्या हातानं ठेवतो, बाई."

आत्यानं पिशवीखालचा उजवा हात बाहेर काढला आणि त्याच्या सगळ्यांत महागड्या, चालू प्लेयरवर धरला. पाचही बोटं आपापल्या तालात नाचत होती.

"ठेवू?" तिनं विचारलं.

दुकानदारानं झटकन झाकण खाली ओढलं. मग चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मुकाट्यानं तीन ऑटोमॅटिक मांडले.

पहिल्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'ऑटोमॅटिक' लिहिलं होतं. आत्यानं बटण शोधलं, तर सापडेना. विचारल्यावर कळलं, गाणं संपलं की दांडी आपोआप परत जाते, पण सुरुवातीला ठेवायची मात्र आपणच. म्हणजे निम्मं काम करून पूर्ण नाव मिरवणारा! असले नग तिनं कारखान्यात बरेच पाहिले होते. तो तिनं बाजूला सारला.

उरलेल्या दोघांसाठी तिनं दुकानदाराकडून एक टाकाऊ रेकॉर्ड मागून घेतली. कारखान्यात तिचा नियमच होता: दुरुस्त केलेलं मशीन वीस वेळा चालवून बघितल्याशिवाय शिवणारीच्या ताब्यात द्यायचं नाही. तिनं स्टूल ओढलं आणि बसली. बटण दाबायचं, सुई कुठे उतरते ते बघायचं, थांबवायचं, पुन्हा दाबायचं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं आली, ताटकळली, आणि शेवटी तीही बघत उभी राहिली. देखणा, महाग होता तो नवव्या खेपेला चुकला. सुई रेकॉर्डीच्या बाहेर पडली. दुकानदार म्हणाला, एखादवेळी व्हायचंच. आत्या म्हणाली, तिच्या कारखान्यात एखादवेळी सुई चुकली की कुणाच्या तरी बोटातून जायची. तिसरा सगळ्यांत स्वस्त, दिसायला अगदीच ओबडधोबड. वीसच्या वीस वेळा त्याची सुई कडेच्या कोऱ्या पट्टीत उतरली. सुई रेकॉर्डीवर किती भारानं टेकायची, ते तिथंच लावून घेऊन ती खोकं टॅक्सीत घालून घरी आली.

चालकानं खोकं वर पोचवलं. स्पीकरच्या वायरी जोडायला तिला पाऊण तास लागला. लागू दे! मग ती खाली गेली आणि भाच्याचं कपाट उघडलं. भावजय म्हणाली, "ताई, संध्याकाळपर्यंत थांबा ना, तो येईलच." आत्यानं एक रेकॉर्ड दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि जिना चढली.

रेकॉर्डीचं भोक मधल्या खिळ्यावर बसेना. कड इकडे आपटली, तिकडे आपटली. चौथ्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं. सातव्या वेळी तिनं दोन्ही कोपरं टेबलावर रोवली आणि रेकॉर्ड बसली. पुढे सोपं होतं. बटणाला थरथरीचं काही सोयरसुतक नव्हतं. दांडी उचलली गेली, आत सरकली, आणि सुई सावकाश खाली आली.

आवाज थोडा बसका होता. भाच्याचं खोटं नव्हतं. तिला ते दुकानातच कळलं होतं. तिनं आवाज मोठा केला. आणखी मोठा केला.

जिन्याच्या तळाशी भाऊ आला. "ताई, पोरगा इतक्या लवकर आला होय गं?"

"नाही आला. मी लावलीय."

एरवी भाऊ सरळ वर यायचा, दारही वाजवायचा नाही. आज तो पहिल्या पायरीवरच थांबला.

"येऊ का वर?" त्यानं विचारलं.

"ये," ती म्हणाली, "पण कशाला हात लावायचा नाही."